फोन ज्याचा त्याचा, गजर सगळ्यांचा

मोबाईलमुळे माणसं एकलकोंडी झाली का? हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. जेवायला बसलेली चौघं चार पडद्यांत डोकं घालून बसली की आजी विचारते, पालकसभेत शाळेच्या बाई विचारतात. उत्तर देणारे बहुधा दोन टोकांना असतात. एकाच्या मते फोनने घरं मोडली, दुसऱ्याच्या मते फोनने जग जवळ आणलं. दोघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते: यंत्र एकच, तेव्हा परिणामही सगळीकडे एकच होणार.

हे खरं आहे का, ते या प्रकरणात आपण एका देशापुरतं तपासून पाहू. तो देश म्हणजे दक्षिण कोरिया. पुढे नुसतं 'कोरिया' म्हटलं तरी तोच समजावा.

१. कोरियाच का?

कोरियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आणि लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. 'प्यू रिसर्च सेंटर' या अमेरिकी संस्थेने २०१९ साली २७ देशांची एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत कोरिया पहिला होता. तिथल्या ९५ टक्के प्रौढांकडे स्मार्टफोन होता आणि उरलेल्यांकडे साधा मोबाईल. त्याच वर्षी ३ एप्रिलला रात्री अकरा वाजता कोरियन कंपन्यांनी फाइव्ह-जी सेवा सुरू केली. वेळ अशी अडनिडी असण्याचं कारण सरळ होतं. अमेरिकी कंपनी आधी सुरू करेल अशी कुणकुण लागली होती, आणि जगात पहिलं यायचं होतं.

फोनने माणूस एकटा पडतो हा नियम असेल, तर तो सगळ्यात आधी इथे लागू पडायला हवा. मैदानं ओस आणि प्रत्येक जण आपापल्या पडद्यापुढे, असं चित्र दिसायला हवं. पण २००२, २००८, २०१६ आणि २०२४ या चारही वर्षी याच देशात लाखो माणसं रस्त्यावर उतरली, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हातात फोन होता. म्हणजे नियमात काहीतरी सुटलं आहे.

२. सामूहिक ओळख म्हणजे काय?

आधी एक संकल्पना समजून घेऊ. 'तू कोण?' या प्रश्नाला दोन तऱ्हांनी उत्तर देता येतं. मला काय आवडतं, काय जमतं, काय पटतं हे सांगणं ही एक तऱ्हा. मी कोणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या शाळेच्या कुठल्या तुकडीतला, कुठल्या कंपनीतला हे सांगणं ही दुसरी. या दुसऱ्या उत्तराला सामूहिक ओळख म्हणतात. प्रत्येक माणसात दोन्ही असतात, फक्त प्रमाण बदलतं.

कोरियात दुसऱ्या उत्तराला मोठा मान आहे. कोरियन भाषेत क्रियापदाचं रूपच समोरच्याच्या वयावर आणि मानावर ठरतं, म्हणून ओळख झाली की लवकरच वयाची चौकशी होते. एकाच वर्षी शाळेत गेलेले, एकाच कॉलेजातून बाहेर पडलेले, सक्तीची लष्करी सेवा एकत्र केलेले लोक जन्मभर एकमेकांना धरून असतात.

हे काही कोरियन माणसाच्या रक्तात नसतं. १९१० ते १९४५ जपानची सत्ता, मग देशाची फाळणी, १९५० ते १९५३ युद्ध, आणि १९८७ पर्यंत बहुतांश काळ लष्करी वळणाची राजवट, अशा इतिहासातून 'आपण टिकलो तर मी टिकेन' ही भावना घट्ट होत गेली. तिचं एक उदाहरण फोन हातोहाती होण्याच्या जरा आधीचं आहे. १९९७ च्या अखेरीस देशाची परकीय गंगाजळी आटली आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. जानेवारी १९९८ मध्ये लोकांना घरातलं सोनं देण्याचं आवाहन झालं. बँकांपुढे रांगा लागल्या. लोकांनी लग्नातल्या अंगठ्या काढून दिल्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आप्तांनी दिलेल्या इवल्या अंगठ्या दिल्या. सुमारे ३५ लाख लोकांकडून २२७ टन सोनं जमलं. एवढ्याने कर्ज फिटणार नव्हतं, पण देश एकत्र उभा आहे हे जगाला दिसलं. ऑगस्ट २००१ मध्ये कोरियाने नाणेनिधीचं कर्ज मुदतीआधीच फेडलं.

मोबाईल अशा समाजात पोहोचला.

३. फोन हाच देशाचा प्रकल्प

आपल्याकडे मोबाईल आला तो बाहेरून. कोरियाने मात्र त्याचं तंत्रच आपल्या हाताने उभं करायचं ठरवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात जीएसएम पद्धत रुळत होती. कोरियाचं सरकार, 'एट्री' ही सरकारी संशोधन संस्था आणि तिथल्या कंपन्या यांनी सीडीएमए ही वेगळी पद्धत निवडली. ती सॅन दिएगोच्या क्वालकॉम या तेव्हा लहान असलेल्या कंपनीकडे होती आणि व्यापारी पातळीवर कुठेही सिद्ध झालेली नव्हती.

ही पद्धत काय, ते थोडक्यात पाहू. हवेतून संदेश नेणाऱ्या लहरी मर्यादित आणि बोलणारे हजारो. कोणतं बोलणं कोणाचं हे वेगळं कसं काढायचं? लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. एका कोपऱ्यात दोघं कोकणीत बोलताहेत, दुसऱ्यात दोघं कन्नडमध्ये, तिसऱ्यात गुजरातीत. सगळे एकाच वेळी, एकाच मांडवात बोलत असले तरी प्रत्येकाला आपल्या भाषेतलं बोलणं उचलता येतं आणि बाकीचं नुसता गलबला वाटतो. सीडीएमएमध्ये प्रत्येक संभाषणाला अशीच एक वेगळी सांकेतिक 'भाषा' दिली जाते, त्यामुळे एकाच लहरीपट्ट्यात बरेच जण एका वेळी बोलू शकतात.

जानेवारी १९९६ मध्ये सोलजवळच्या इंचन आणि बुचन या शहरांत व्यापारी सीडीएमए सेवा सुरू झाली. १९९९ मध्ये कोरियात मोबाईलधारकांची संख्या घरगुती फोनधारकांपेक्षा जास्त झाली.

हँडसेटची गोष्टही अशीच. कोरियाचा सुमारे सत्तर टक्के भाग डोंगराळ आहे. सॅमसंगने 'एनीकॉल' या आपल्या फोनची जाहिरात केली ती 'कोरियाच्या भूभागात दमदार' अशा शब्दांत. तेव्हा तिथल्या बाजारावर मोटोरोलाचं राज्य होतं. पण सॅमसंगचे फोन खराब निघू लागले, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष ली कुन-ही यांनी एक टोकाचा निर्णय घेतला. ९ मार्च १९९५ रोजी गुमी इथल्या कारखान्याच्या मैदानात सुमारे दोन हजार कामगार कपाळाला पट्ट्या बांधून उभे राहिले. त्यांच्यासमोर फोन आणि इतर यंत्रं मिळून सुमारे दीड लाख नग हातोड्यांनी फोडले गेले आणि मग पेटवून दिले गेले. आपल्या हातांनी जोडलेल्या वस्तू जळताना पाहून अनेकांना रडू फुटलं. त्याच वर्षी एनीकॉलने देशी बाजारात मोटोरोलाला मागे टाकलं.

त्या मैदानावर घडलं ते नाणेनिधीच्या संकटात बँकांपुढे घडणार होतं तसंच होतं. आपलं सगळ्यांचं काहीतरी पणाला लागलं आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून किंमत मोजायची. मोबाईल ही कोरियात सुरुवातीपासून नुसती विकत घ्यायची वस्तू नव्हती. 'आपण हे केलं' असं सांगण्याची ती खूण होती.

४. आकड्यांची बोली आणि तीन कळांची लिपी

मोबाईल सर्वांच्या आवाक्यात येण्याआधी कोरियन तरुणांच्या कमरेला पेजर असायचा. १९९७ मध्ये पेजरधारक दीड कोटींच्या घरात होते. साध्या पेजरवर फक्त आकडे दिसत. तेवढ्यातूनच तरुणांनी एक बोली तयार केली. ८२८२ असे आकडे आले की 'लवकर ये', कारण कोरियनमध्ये या आकड्यांचा उच्चार 'पल्ली पल्ली' म्हणजे 'लवकर, लवकर' या शब्दांच्या जवळ जातो. १००४ चा उच्चार 'चॉन-सा', म्हणजे देवदूत, म्हणून तो लाडक्या माणसाला पाठवायचा. ही बोली ज्याला कळते तो आपला, ज्याला कळत नाही तो बाहेरचा.

पुढे मोबाईलवर अक्षरं आली, तेव्हा कोरियन लिपी कामी आली. राजा सेजोंग याने १५ व्या शतकात तयार करवलेल्या या लिपीतले स्वर तीन चिन्हांपासून बनतात: टिंब म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे माणूस. सॅमसंगच्या फोनवर याच तीन चिन्हांना तीन कळा दिल्या होत्या. एक उदाहरण पाहा. उभी रेघ दाबून टिंब दाबलं की 'आ' उमटतो. आडवी रेघ दाबून टिंब दाबलं की 'उ', आणि क्रम उलटा केला, आधी टिंब मग आडवी रेघ, की 'ओ'. तीन कळांत सगळे स्वर. बाकाखाली हात ठेवून, फोनकडे न पाहता मुलं मेसेज लिहायची.

हे किती मोलाचं होतं ते मराठी माणसाला चटकन कळेल. बटणांच्या फोनवर देवनागरी लिहिणं इतकं कटकटीचं होतं की आपल्यापैकी बहुतेकांनी रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय लावून घेतली. कोरियन मुलांना ती वेळ आली नाही. त्यांचा खासगी मेसेजही त्यांच्या स्वतःच्या लिपीत राहिला.

५. मित्राला नात्यात आणणारं संकेतस्थळ

नातं मोजण्याची कोरियन पद्धत अशी: दोन माणसांमध्ये जितक्या पायऱ्या तितके 'छोन'. आईवडील आणि मूल एक छोन, भावंडं दोन, काका तीन, चुलत भावंडं चार. आकडा लहान तितकं नातं जवळचं.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या 'सायवर्ल्ड' या संकेतस्थळाने पुढे प्रत्येकाला एक छोटं घरकुल दिलं. त्यात आपली आकृती ठेवायची, भिंतींना रंग द्यायचा, फोटो लावायचे, गाणं वाजवायचं. खर्चासाठी 'ॲकॉर्न', म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, हे चलन होतं. एका फळाची किंमत १०० वॉन. आणि जोडल्या गेलेल्या मित्राला तिथे म्हणत 'एक छोन', म्हणजे आईवडिलांइतका जवळचा. फेसबुक यायच्या आधीच कोरियाच्या तरुण पिढीत सायवर्ल्डवर घरकुल असणं ही सर्रास गोष्ट झाली होती.

नवं तंत्र आलं की माणसं जुनी नाती टाकून देतात, असा आपला समज असतो. इथे नव्या तंत्राने स्वतःसाठी साचा शोधला तो कुटुंबाचा. संशोधक ग्योंगवन युन यांनी २००३ साली सोलमधल्या तरुणांच्या मोबाईल वापरावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोन हे माणसाला मोकळं, सुटं करणारं यंत्र मानलं जात असताना ही मुलं त्याच्या आधारे घरच्यांशी आणि दोस्तांशी असलेली जुन्या वळणाची नाती नव्याने घट्ट करताना दिसली. या प्रकरणाचा गाभा इथे आहे. फोन समाजाला आकार देतो त्याच्या आधी समाज फोनला आकार देतो.

६. फोन मैदानात उतरतो

जून २००२ मध्ये कोरिया आणि जपान यांनी मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवला. कोरियाचा संघ अनपेक्षितपणे उपांत्य फेरीपर्यंत गेला. सोलच्या नगरभवनासमोर आणि ग्वांगह्वामुनच्या चौकात लाल शर्ट घातलेले लाखो लोक मोठ्या पडद्यांपुढे जमले. कोण कुठे उभा आहे, कुठे जागा आहे हे मेसेजवरून कळत होतं. सैन्याची भीती किंवा सरकारचा हुकूम नसताना, निव्वळ आनंदासाठी एवढ्या संख्येने रस्त्यावर येण्याचा हा अनुभव एका पिढीला पहिल्यांदा मिळाला.

त्याच जूनमध्ये अमेरिकी सैन्याच्या एका चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी लष्करी न्यायालयाने संबंधित सैनिकांना निर्दोष सोडलं, तेव्हा एका सामान्य नागरिकाने इंटरनेटवर मेणबत्त्या घेऊन जमण्याचं आवाहन केलं. ते मेसेजमधून पसरलं आणि पाच महिन्यांपूर्वी लाल रंगाने भरलेले चौक ज्योतींनी भरले. जमायचं कसं हे लोक जूनमध्ये शिकले होते.

१९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. आदल्या रात्री उमेदवार नो मू-ह्यन यांच्या मित्रपक्षाने पाठिंबा काढून घेतला. मतदानाच्या दिवशी त्यांच्या तरुण समर्थकांनी ओळखीच्या प्रत्येकाला मेसेज करून मतदानाला बाहेर काढलं. नो सुमारे ५ लाख ७० हजार मतांनी जिंकले. निवडणूक मेसेजने जिंकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण पक्षाच्या यंत्रणेबाहेर एक नवी यंत्रणा उभी राहिली आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मे २००८ मध्ये अमेरिकी गोमांसाच्या आयातीविरुद्ध पहिल्या मेणबत्त्या पेटवणाऱ्यांत शाळकरी मुली मोठ्या संख्येने होत्या. वर्गावर्गांत फिरलेल्या मेसेजमधून त्या जमल्या. १० जूनपर्यंत आंदोलन एवढं वाढलं की अध्यक्ष ली म्यंग-बाक यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि करार पुन्हा चर्चेला घ्यावा लागला. पण फोनच्या वेगाचा दुसरा परिणामही याच वेळी दिसला. गोमांसातून होणाऱ्या आजाराच्या धोक्याविषयीचे अतिरंजित दावे तितक्याच झपाट्याने पसरले. 'आपल्यातल्याच कोणीतरी पाठवलं आहे' या विश्वासावर मेसेज पुढे जातो. तो खरा की खोटा, हे त्या विश्वासाला ठरवता येत नाही.

७. शेवटचा '१'

मार्च २०१० मध्ये काकाओटॉक आलं. तोवर प्रत्येक मेसेजला पैसे पडत, ते फुकट झाले. वर्षभरात एक कोटी लोक त्यावर आले आणि आज जवळपास सगळा देश त्यावर आहे.

व्हॉट्सॲपवर संदेश वाचला की निळ्या खुणा दिसतात. काकाओटॉकची रीत वेगळी आहे. संदेशाशेजारी एक लहानसा आकडा दिसतो, तो किती जणांनी अजून वाचलं नाही हे सांगतो. तीस जणांच्या वर्गाचा ग्रुप धरा. एकाने सहलीची वेळ लिहिली. शेजारी २९ उमटतं. मिनिटभरात १८, मग ९, मग ४. शेवटी १ उरतो. नाव दिसत नाही, पण कोणीतरी एक जण अजून आपल्यात आलेला नाही, हे बाकी सगळ्यांना दिसत असतं. लहान ग्रुपमध्ये तो कोण, हेही चटकन ओळखता येतं.

हा आकडा जिव्हाळा वाढवतो. दूर राहणाऱ्या आईला मुलाने वाचलं, तो ठीक आहे, एवढं त्यावरून कळतं. पण तोच आकडा ओझंही होतो. रविवारी रात्री साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की आकडा भराभर उतरतो आणि खाली 'हो' 'हो' अशी उत्तरांची रांग लागते, कारण वाचूनही गप्प राहणं हा उद्धटपणा ठरतो. कामाची वेळ संपल्यावर असे संदेश पाठवायला मनाई करणारं विधेयक २०१६ मध्ये संसदेत मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

शाळांमध्ये याहून वाईट घडलं. एखाद्याला ग्रुपमध्ये घेऊन सगळ्यांनी शिव्या द्यायच्या, तो बाहेर पडला की पुन्हा ओढून आणायचं. या छळाला तिथे 'काकाओचा तुरुंग' म्हणतात. बाहेर पडणाऱ्याची नोंद सगळ्यांना दिसत असल्यामुळे एरवीही ग्रुप सोडणं अवघड जाई. मे २०२३ मध्ये कंपनीने गुपचूप ग्रुप सोडण्याची सोय दिली. एका छोट्या बटणाची ही बातमी देशभर चर्चेचा विषय झाली, यावरूनच त्या बटणाची गरज किती होती ते कळतं.

आणि सगळा देश एका ॲपवर असला की काय होतं, ते १५ ऑक्टोबर २०२२ ला दिसलं. पांग्यो इथल्या एका डेटा केंद्रात आग लागली आणि काकाओ बंद पडलं. गप्पा थांबल्याच, शिवाय टॅक्सी बोलावणं, पैसे देणं, इतर संकेतस्थळांत शिरणं, छोट्या दुकानदारांच्या ऑर्डरी, सगळं अडलं. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला एकशे साडेसत्तावीस तास, म्हणजे पाच दिवसांहून जास्त वेळ गेला.

८. एकाच वेळी वाजणारे फोन

कोरियात राहणाऱ्याला एक आवाज ओळखीचा असतो. मेट्रोच्या डब्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. पूर, उष्णतेची लाट, धुकं, आग अशा सूचना प्रशासन त्या भागातल्या प्रत्येक फोनवर पाठवतं. जून २०२१ पासून यात हरवलेल्या माणसांची भर पडली. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, लहान मुलं, मतिमंद व्यक्ती हरवल्या तर पोलीस त्या परिसरातल्या फोनवर वय, उंची, वजन, अंगावरचे कपडे आणि फोटोचा दुवा पाठवतात. समजा, ऐंशी वर्षांचे आजोबा, उंची १६५, काळी टोपी, निळं जाकीट. बसथांब्यावर उभी असलेली एखादी बाई हे वाचते, मान वर करते, आणि समोरच्या बाकावर ते आजोबा बसलेले असतात. अशा संदेशांमुळे खरोखरच माणसं घरी परतली आहेत. अनोळखी आजोबा त्या क्षणी साऱ्या वस्तीचे आजोबा होतात.

पण जे डोळे शोधू शकतात ते पाळतही ठेवू शकतात. २००५ मध्ये सोलच्या मेट्रोत एका तरुणीने आपल्या कुत्र्याने केलेली घाण उचलली नाही. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. काही दिवसांत लोकांनी तिची ओळख शोधून काढली आणि देशभर तिची नाचक्की केली. चूक क्षुल्लक होती, शिक्षा भयंकर झाली.

कोविडमध्ये ही दोन्ही रूपं एकत्र आली. २०१५ च्या मर्स साथीत सरकारने सुरुवातीला रुग्णालयांची नावं लपवली होती, त्यावर लोक संतापले आणि कायदा बदलला. म्हणून २०२० मध्ये बाधितांचं वय, लिंग आणि ते कुठे कुठे गेले याचा तपशील थेट फोनवर येऊ लागला. साथ आवरायला त्याची मदत झाली, पण नाव नसलं तरी माणूस ओळखता येत होता. मार्चमध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने यावर चिंता व्यक्त केली. मे महिन्यात इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली. त्यांतले काही क्लब समलिंगी लोकांचे असल्याचं वृत्तपत्रांनी छापलं, आणि ओळख उघड होण्याच्या भीतीने लोक तपासणीपासून दूर राहू लागले. शेवटी सोल शहराने नाव न विचारता तपासणी सुरू केली, तेव्हा लोक पुढे आले. समूहाला वाचवायचं तर समूहाच्या नजरेपासून माणसाला आडोसा द्यावा लागतो, हे तिथल्या यंत्रणेला प्रत्यक्ष अनुभवातून कळलं.

९. मेणबत्ती ते लाइटस्टिक

२०१६ च्या ऑक्टोबरअखेर अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्याविरुद्ध दर शनिवारी माणसं जमू लागली. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, वारा आला की मेणबत्त्या विझतात. पुढच्या शनिवारी लोक न विझणारे एलईडी दिवे घेऊन आले आणि फोनच्या पडद्यांवर ज्योती लावून उभे राहिले. ९ डिसेंबरला संसदेने महाभियोग मंजूर केला आणि १० मार्च २०१७ ला घटना न्यायालयाने पार्क यांना पदावरून दूर केलं.

३ डिसेंबर २०२४ ची रात्र तर अजून ताजी आहे. साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून सक-यॉल यांनी टीव्हीवरून लष्करी कायदा पुकारला. विरोधी पक्षनेते ली जे-म्यंग संसदेकडे निघाले ते गाडीतूनच फोनवर थेट प्रक्षेपण करत, लोकांना संसदेपाशी यायला सांगत. सभापती वू वॉन-शिक भिंतीवरून चढून आत गेले. संसद आहे त्या यॉइदो बेटावर नागरिक धावत आले आणि सैनिकांसमोर फोन उंच धरून उभे राहिले. जे घडत होतं ते सगळा देश पाहत होता. रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या सर्व १९० सदस्यांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं.

त्यानंतरच्या मोर्चांत एक नवी वस्तू दिसली: लाइटस्टिक, म्हणजे हातात धरायची उजेडाची काडी. के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, जवळपास प्रत्येक गटाची लाइटस्टिक वेगळ्या आकाराची, वेगळ्या रंगाची असते. मैफलीला जाणारे चाहते फोनवरच्या ॲपमधून ती जोडतात आणि तिकिटावरचा आसनक्रमांक भरतात. मग आयोजकांच्या यंत्रावरून हजारो काड्यांचा रंग एकदम बदलतो, प्रेक्षागारात लाटा उसळतात, अक्षरं उमटतात. संसदेसमोर मात्र असं नियंत्रण करणारं कोणी नव्हतं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मुलींच्या हातांत वेगवेगळ्या गटांच्या काड्या होत्या, एरवी एकमेकांशी चुरस करणाऱ्या. ज्यांना येता आलं नाही त्यांनी जवळच्या कॅफेंमध्ये आणि किंबाप म्हणजे भातरोल विकणाऱ्या दुकानांत फोनवरून आगाऊ पैसे भरले, म्हणजे मोर्चातल्या कोणालाही गरम कॉफी मिळावी. १४ डिसेंबरला महाभियोग २०४ मतांनी मंजूर झाला. ४ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने यून यांना पदच्युत केलं.

१०. मग उत्तर काय?

फोन माणसाला एकटं पाडतो किंवा जोडतो, ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. समूहाची जी रीत आधीपासून आहे, तिला फोन वेग देतो आणि तिला चोवीस तास हजर ठेवतो. सोनं देणारा समाज फोन हाती आल्यावर कॉफीचे पैसे भरतो. वयाचा मान राखणारं ऑफिस फोन हाती आल्यावर रविवारी रात्रीही साहेबांना 'हो' म्हणतं.

मग चांगला समूह आणि जाचक समूह यांत फरक कसा करायचा? कोरियाची ही सगळी उदाहरणं पुन्हा डोळ्यांखालून घातली तर एक कसोटी हाती लागते. मैफलीत आणि संसदेसमोर काड्या त्याच होत्या, पण यॉइदोत प्रत्येकीचा रंग तिचा स्वतःचा होता आणि कोणीही कधीही घरी जाऊ शकत होतं. वर्गाच्या ग्रुपमध्ये छळ सोसणाऱ्या मुलाला ती मुभा नव्हती. वेगळं राहण्याची आणि बाहेर पडण्याची वाट जिथे मोकळी आहे, तिथे फोनने जमवलेला समूह माणसाला बळ देतो. ती बंद असेल तर तोच फोन बेडी होतो.

कोरियन समाज आता ही वाट स्वतःच आखू लागला आहे. ग्रुप गुपचूप सोडण्याचं बटण आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने वर्गात फोन वापरायला मनाई करणारा कायदा केला, तो मार्च २०२६ पासूनच्या शैक्षणिक वर्षासाठी. जगातल्या सगळ्यात जोडलेल्या देशाने मुलांसाठी रोजचे काही तास न जोडलेले राखून ठेवले, आणि हा निर्णयही त्याने मिळूनच घेतला. समूहाचं बळ आपण किती माणसं जमली यावरून मोजतो. कोरियाचा अनुभव सांगतो की निघून जायची मुभा असताना किती जण थांबतात, यावरून ते मोजायला हवं.